पोटाचा हात

अकरा दिवस ऊन पडलं नव्हतं. पाऊस म्हणावा असा पाऊसही नव्हता, नुसती ओल. दाराच्या चौकटी फुगल्या होत्या, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट लागत होते, काडेपेटीतली काडी चारदा ओढल्याशिवाय पेटत नव्हती. आणि असल्या हवेत लाकडाला तेल लावायचं काम अंगावर घेऊन ती तिघं तळ्यावर आली होती.

तिघं एकाच घरातली. थोरला, त्याची बायको आणि धाकटा भाऊ. उघड्यावर राहणाऱ्या लाकडाला तेल पाजायचं, हाच घराचा धंदा. बागेतली बाकं, झोपाळे, फाटकं, पायऱ्या आणि तळ्याकाठच्या पाहुणेघराचा हा डेक. डेक म्हणजे फळ्यांचं भलंमोठं अंगण. काठावरच्या जमिनीपासून निघून थेट पाण्यावर गेलेलं, खाली तुळयांच्या आडव्या रांगा आणि त्यांना तोलून धरणारे खांब. पाहुणे त्यावर उभं राहून तळं बघायचे. बावीस वर्षांत या डेकला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता, आणि ही गोष्ट थोरला भेटेल त्याला सांगायचा, कुणी न विचारता.

थोरला साठीला टेकलेला. तीन वर्षांपूर्वी शिडीवरून पडला आणि कंबरेतून गेला. तेव्हापासून त्याला वाकता येत नव्हतं. लांब काठीला ब्रश बांधून तो उभ्या उभ्या तेल ओढायचा, आणि तरी त्याचा हात असा सरळ की फळीच्या बाहेर थेंब जायचा नाही. धाकटा सेहेचाळीसचा. घरात त्याला अजून छोट्याच म्हणत. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि वहिनी नुकतीच घरात आलेली. तिनं त्याला न्हाऊमाखू घातलं, भावानं ब्रश धरायला शिकवलं. लग्न जमलं नाही. पुढे पुढे कुणी जमवायच्या भानगडीतही पडलं नाही.

मंगळवारी सकाळी मॅनेजरबाई बाहेर आल्या, पण पायरी उतरल्या नाहीत.

"शनिवारी नर्सिंग कॉलेजच्या मुली येतायत. साठ-सत्तर जणी. डेकवर ग्रुप फोटो आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधी सगळं चकचकीत हवंय मला."

"बाई, हवा बघताय ना," थोरला म्हणाला. "लाकूड ओलं आहे. ओल्यावर तेल मारलं तर ओल आत कोंडते. दोन दिवस तरी सुकायला पाहिजे."

"दरवर्षी काहीतरी कारण असतंच तुमचं."

बावीस वर्षांत त्यानं एकदाही कारण सांगितलं नव्हतं. बाईंना येऊन दोन वर्षं झालेली, त्यांना काय सांगायचं?

"आणि लॉबीतून ये-जा नको हं. तेलाचे पाय उमटतात. मागच्या बाजूनं या."

"बरं," थोरला म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. त्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाई, वरचं काम कुणीही करील. तुम्हाला दिसतं ते सगळं वरचं. खरं काम पोटाचं, आणि ते हा करतो. आत सरपटत जातो, पार टोकापर्यंत. आमचा छोट्या आहे म्हणून हा डेक उभा आहे."

बाईंनी धाकट्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. धाकटा जमिनीकडे बघत होता.

घराची रीत अशी की आधी पोट, मग पाठ. पाठ म्हणजे लोकांना दिसणारी वरची बाजू. पोट म्हणजे खालची, तुळयांची. लाकूड खालून कुजतं, म्हणून तेलाचा पहिला हात पोटाला, आणि तिथे पाऊस लागत नसल्यानं सुकायची वाट बघायची नसते. सोळा वर्षं तो हात थोरल्यानं स्वतः मारला. सहा वर्षांपूर्वी, कंबर चांगली धडधाकट असताना, त्यानं एक दिवस ब्रश धाकट्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "आता पोट तुझं." घरात दागिना काढून द्यावा तसा दिला होता. धाकट्याला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं, इतका आनंद झाला होता.

आता तो तेलाचे दोन डबे घेऊन खाली शिरला. काठाशी डेकखाली बसता येईल एवढी उंची होती. पण जमीन पाण्याकडे जाताना मध्येच चिखलाचा उंचवटा होता, आणि तिथून पुढे छाती चिखलाला नि पाठ तुळईला घासत सरपटावं लागायचं. पहिली तुळई, दुसरी, तिसरी, चौथी. धाकट्यानं चारही नीट रंगवल्या, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. मग तो चौथ्या तुळईखाली गुडघे पोटाशी घेऊन बसला.

पुढे अजून नऊ होत्या.

पहिल्या वर्षी तो गेला होता पुढे. पाचवीखाली डोकं घातलं आणि छाती अडकली. पुढे सरकेना, मागे येईना. श्वास आत घेतला की तुळई पाठीत रुतायची. किती वेळ गेला कोण जाणे. सुटला तेव्हा त्याची पाचावर धारण बसली होती आणि विजार ओली झाली होती. बाहेर आला तर थोरला पाण्याचा तांब्या घेऊन उभा. "झालं का रे सगळं?" त्या चेहऱ्याकडे बघून धाकटा म्हणाला, "झालं." संपलं. एक शब्द, पण तो परत घ्यायला त्याला सहा वर्षं पुरली नाहीत.

तेव्हापासून दरवर्षी हेच. चार तुळया खऱ्या, नऊ खोट्या. वर थोरला कान देऊन असायचा, म्हणून खाली बसून डब्याच्या काठावर ब्रश आपटायचा. टक टक, मग थोडा वेळ काही नाही, मग टक टक. आवाज लांब जावा म्हणून मध्येच हात लांबवून पुढच्या बाजूला आपटायचा. उरलेलं तेल चिखलात खड्डा करून ओतायचं आणि वर माती लोटायची. चाळिशी उलटलेला माणूस! त्याची त्यालाच किळस यायची. पण किळस एका बाजूला आणि वरून येणारा भावाचा आवाज एका बाजूला.

"दमलास का रे छोट्या?"

"नाही दादा. आठवी चाललीये."

बुधवारी डेक खरवडायला घेतला. थोरला उभ्यानं पत्र्याची पट्टी रेटायचा, वहिनी आणि धाकटा गुडघ्यांवर बसून पॉलिश पेपर घासायचे. जुनं काळवंडलेलं तेल निघून खाली लाकडाचा पिवळट रंग दिसू लागला. वहिनीच्या बोटांची टोकं सोलवटली होती, तिनं त्यावर चिकटपट्ट्या गुंडाळल्या. सुरुवातीला थट्टा चालली होती.

"तुझ्या दादांचा लग्नात अंगठी घालताना हात कापत होता," ती म्हणाली. "आणि ब्रश धरला की बघ."

"ब्रश मी निवडला होता," थोरला लांबून म्हणाला.

ती हसत हसत पुढे सरकली, पाण्याकडच्या टोकाला. आणि थांबली. एका खिळ्याचं डोकं वर आलं होतं. हातोडी मागावी म्हणून तिनं नुसतं चाचपलं तर खिळा दोन बोटांत उपटून आला. तिनं तो तळहातावर घेऊन बघितला. काळा, ओला. मग ती पोटावर पालथी झाली आणि फळीच्या कडेवरून खाली वाकून बघितलं. हात खाली घातला आणि वर आणला तेव्हा मुठीत पांढरट, बुळबुळीत अळंब्या होत्या.

तिनं त्या पाण्यात टाकल्या. थोरल्याची पाठ होती. तिनं धाकट्याकडे बघितलं.

दुपारी बाकावर बसून जेवणाचे डबे उघडले तेव्हा तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "छोट्या, खाली शेवटपर्यंत जातोस ना रे?"

"जातो की."

"नाही, ओल फार आहे यंदा. पाणी चढलंय तळ्याचं."

"जातो म्हटलं ना वहिनी."

त्यानं डब्याचं झाकण लावून टाकलं. थोरला म्हणाला, "काय चौकशी लावलीयेस त्याची? जेवू दे त्याला." वहिनीनंच वाढवलेलं पोर होतं ते. खोटं बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात हे तिला सदतीस वर्षं माहीत होतं.

गुरुवारी दुपारी दोनेक तास ऊन आलं. फिकट, आजारी माणसाच्या हसण्यासारखं, पण आलं. वहिनीनं फळीला गाल लावला. लाकडाची ओल तळहाताला फसवते, गालाला नाही. चार ठिकाणी गाल लावून तिनं मान डोलावली. थोरल्यानं पाण्याचे थेंब शिंपडून बघितले, ते झिरपले, म्हणजे लाकूड प्यायला तयार. त्यानं तांबूस तेलाचा डबा ढवळला आणि शेजारच्या कोऱ्या फळीवरून चालत काठाकडून टोकाकडे निघाला. ब्रश फळीच्या रेषेनं सरळ, जाईल तिथून परत नाही. मागे धाकटा चिंधीनं जादा तेल पुसत होता आणि चिंध्या पाण्याच्या बादलीत टाकत होता. तेलाच्या चिंध्या कोरड्या ढिगात ठेवल्या की आपोआप पेटतात, एवढं तर तो झोपेतही चुकला नसता. धंद्याची बाकी सगळी शिस्त त्यानं जिवापाड पाळली होती, ती एक सोडून.

टोकाकडे थोरला दोन फळ्या ओलांडून उभा राहिला तेव्हा धाकट्यानं चिंधी थांबवली. भावाच्या टाचेखाली फळी दबली होती. मोडली नाही, करकरलीही नाही. नुसती गादी दबावी तशी दबली, आणि फटीतून पाण्याची बारीक रेघ वर आली.

थोरलाही थबकला. त्यानं टाच उचलून परत टेकवली.

"दादा, मागे या," धाकटा म्हणाला.

"का रे?"

"तिथे मी करतो. तुम्ही दमलात."

"या कंबरेनं पायाचा भरवसाच राहिला नाही बघ," थोरला म्हणाला. "जमीन हलल्यासारखी वाटते." आणि काठी टेकत मागे आला. आपलं लाकूड हलेल असं त्याच्या मनातही येत नव्हतं. हललं तर आपलं हाडच हललं असणार.

संध्याकाळी ती दोघं सामान आवरत होती तेव्हा धाकटा हातपाय धुवायला म्हणून तळ्यात उतरला. कंबरभर पाण्यातून चालत तो डेकच्या टोकाशी गेला आणि खिशातला पेचकस काढून शेवटच्या तुळईत खुपसला. जोर लावावाच लागला नाही. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर त्याला तपकिरी लगदा लागलेला, चहात पडून राहिलेल्या बिस्किटासारखा. त्यानं पुढच्या तुळईत खुपसून बघितला. तिथेही तेच. वर नवं तेल झळकत होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं.

साठ-सत्तर जणी. त्यानं पेचकस पाण्यात धुतला आणि परत खिशात ठेवला.

शुक्रवारचा दिवस बाकांचा आणि खुर्च्यांचा. वहिनी खुर्च्यांचे पाय उलटे करून रंगवत होती, पायांच्या तळव्यांना दोनदोनदा तेल पाजत होती, कारण पाणी तिथूनच वर चढतं. थोरला नळाशी ब्रश धूत असताना धाकटा त्याच्याजवळ गेला.

"दादा, एक बोलायचं होतं."

"बोल."

"डेकबद्दल."

"बघितलास ना? बाई मघाशी येऊन गेल्या. काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, दादा, एवढा सुंदर कधीच दिसला नव्हता." थोरल्याचे डोळे ओले झाले होते. कंबर गेल्यापासून त्याला असं हसताना कुणी बघितलं नव्हतं. "मी म्हटलं, आमच्या भावाला सांगा. बरं, तू काय म्हणत होतास?"

"काही नाही. टर्पेंटाइन संपलंय."

असा तीनदा गेला आणि तीनदा टर्पेंटाइन, चिंध्या, डब्याचं झाकण असलं काहीतरी बोलून परत आला. या माणसाचा राग यावा की कीव, कळत नाही. एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्यापुढे भावाचं सहा वर्षांचं कौतुक उभं होतं आणि ते ओलांडायला त्याचा पाय उचलत नव्हता.

शनिवारी नऊलाच मुली आल्या. पांढरे शुभ्र कपडे, केस घट्ट बांधलेले, सगळ्या एकदम बोलत होत्या. फोटोग्राफरनं तिकाटणं काठावर रोवलं आणि ओरडला, "उंच मुली मागे, पाण्याच्या बाजूला! अगदी टोकापर्यंत जा, घाबरू नका!"

पहिल्या पाच-सहा जणी डेकच्या पायऱ्यांकडे वळल्या. तेव्हा धाकट्याच्या तोंडून आवाज निघाला.

"थांबा! कुणी जाऊ नका वर."

सगळ्यांनी वळून बघितलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, "काय झालं?"

"खाली कुजलंय सगळं. तुळया गेल्यात."

थोरला हसला. खरंच हसला. "अरे, काय बोलतोस? तूच तर तेल मारलंस मंगळवारी."

"नाही मारलं दादा. चौथीपर्यंतच मारलं. दरवर्षी चौथीपर्यंतच."

"याला बरं नाही बाई," थोरला म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पांढरा पडत चालला होता. "दोन दिवस जेवला नाहीये. तुम्ही या पोरींनो, बिनधास्त उभ्या राहा. माझं काम आहे ते. बावीस वर्षांचं. या."

एका मुलीनं पायरीवर पाऊल ठेवायला उचललं. वहिनी तिच्याआधी पोचली. घरी न्यायला उचललेला तेलाचा भरलेला डबा तिनं पायऱ्यांवर उपडा केला. तांबूस तेल तिन्ही पायऱ्यांवरून वाहत आलं आणि मुली किंचाळत पांढरे कपडे सावरत मागे पळाल्या.

"ओलं आहे," वहिनी म्हणाली. "डाग निघत नाही याचा. कुणी पाय ठेवू नका."

"अगं, वेड लागलं का तुला?" थोरला ओरडला.

मॅनेजरबाई बोलल्या ते सगळ्या मुलींदेखत बोलल्या. अडाणी, बेजबाबदार, यापुढे फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. थोरल्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. फोटोग्राफरनं तिकाटणं उचललं, मुली हिरवळीकडे गेल्या. मग थोरला बायकोकडे वळला.

"तुला ठाऊक होतं?"

"बुधवारपासून."

"आणि तू मला बोलली नाहीस."

"तो बोलेल म्हणून थांबले होते," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

थोरल्यानं काठी बाजूला टाकली. एका हातानं डेकची कड धरून तो गुडघ्यावर आला, मग पालथा झाला. तीन वर्षं जो माणूस बूट घालायला वाकला नव्हता तो कोपरांवर अंग ओढत डेकखाली शिरला. दर ओढीला त्याच्या तोंडून दबलेला आवाज यायचा. वहिनी "अहो, नका, नका," म्हणत राहिली. त्याचे तळवे अंधारात दिसेनासे झाले.

मग आतून आवाज आला, अगदी शांत.

"छोट्या, आत ये. कुठपर्यंत यायचास ते दाखव मला."

धाकटा गेला. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. थोरला चौथीच्या पुढे गेला होता, अर्धं अंग उंचवट्यापलीकडे, मान वळवलेली. फटींतून उजेडाच्या पट्ट्या पडत होत्या. त्या उजेडात स्पष्ट दिसत होतं. चौथी तुळई सहा वर्षांच्या तेलानं काळीभोर, घट्ट. पाचवी करडी, तिच्यावर पांढऱ्या बुरशीचं जाळं. थोरल्याचं बोट पाचवीत रुतलेलं होतं, दुसऱ्या पेरापर्यंत. तो ते काढत नव्हता.

"इथे अडकलो होतो," धाकटा म्हणाला. "पहिल्या वर्षी. मला भीती वाटली दादा."

हिरवळीवरून फोटोग्राफरचा आवाज आला, "सगळ्यांनी इकडे बघा!" मुली हसल्या.

"एवढंच?" थोरला म्हणाला.

धाकट्यानं चौथीच्या काळ्या लाकडावर हात ठेवला.

"अरे, मला सांगायचंस. मी आलो असतो. त्या वर्षी कंबर चांगली होती माझी. नंतरही तीन वर्षं चांगली होती. दरवर्षी आलो असतो. आनंदानं आलो असतो."

पुढे कुठेतरी, दहाव्या-अकराव्या तुळईशी, कुणी ओला कपडा फाडावा तसा आवाज झाला. उजेडाच्या पट्ट्या एकदम तिरक्या झाल्या. थोरल्यानं मागे यायचा प्रयत्न केला आणि त्याच्या तोंडून किंकाळी निघाली.

"कंबर धरली," तो धापा टाकत म्हणाला. "मला हलता येत नाही. तू जा बाहेर. तिला लांब उभी कर. जा."

धाकटा पालथा झाला. त्यानं श्वास सोडला, छाती चिखलाला टेकवली आणि पाचव्या तुळईखाली डोकं घातलं. तुळईचा लगदा मानेवर गळत होता. तो भावाच्या बाजूनं सरपटत पुढे गेला, वळला, त्याच्या काखेत हात घातले आणि पाय सहावीच्या खांबाला रोवून त्याला काठाकडे ढकलायला लागला. मागे पाण्यात काहीतरी जड पडलं. त्यानं तिकडे बघितलं नाही. थोरला डोळे मिटून होता आणि मुलासारखा रडत होता. त्याला ढकलताना धाकट्याला कळलं की आपला भाऊ आपल्याला वाटत होता त्यापेक्षा किती हलका आहे.